कावळा, ताडफळ आणि शिफ्टची कळ

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली आणि त्यानंतर कळफलकाची एखादी कळ किंवा माऊसचें एखादें बटण नेहमींप्रमाणें वागेनासें झालें, म्हणजे घरांतील लहानथोर सारे एकाच निदानावर येतात : ‘अपग्रेडनें बिघडलें.’ ह्या निदानाला विचार फारसा लागत नाहीं आणि म्हणूनच तें लोकप्रिय आहे. आपल्या शास्त्रकारांनीं असल्या तर्काला फार पूर्वींच नांव देऊन ठेविलें आहे. कावळा ताडावर बसावयास आणि ताडफळ गळून पडावयास एकच गांठ पडली, एवढ्यावरून कावळ्यामुळें फळ पडलें असें म्हणूं नये. हा काकतालीय न्याय. शाळेंत मुलांना हा न्याय मीं पुष्कळ वर्षें शिकविला. परंतु तो आमच्याच घरांत, माझ्या डोळ्यांदेखत घडला, तेव्हां तो मला चटकन् ओळखतां आला नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

विंडोज १० ह्या आवृत्तीचा नेहमींचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. त्यानंतर आठवड्याभरांतच दिवाळी आली आणि पुतण्या सुट्टीला घरीं आला. ‘‘दादांच्या लॅपटॉपवर अकरा नंबर टाकून देतों, नाहींतर पुढें धोका आहे,’’ असें म्हणून त्यानें एका रात्रींत तें काम उरकलें. काम चांगलें केलें होतें. कागदपत्रें जागच्या जागीं होतीं, मराठी कळफलक होता, छापयंत्रही चालत होतें. भाऊबीज आटोपून तो बंगळूरला परत गेला.

दादा म्हणजे माझे थोरले बंधु. वय चौऱ्याहत्तर. चार वर्षांपूर्वीं त्यांच्या उजव्या अंगावरून वारें गेलें. त्या वेळीं वाचाही गेली होती. ती वर्ष-सव्वावर्षांत हळूहळू परत आली, उजवा हात मात्र आला नाहीं. तेव्हांपासून ते डाव्या हातानें लॅपटॉपवर कोंकणांतल्या घराच्या आठवणी लिहीत आहेत. नातींना वाचावयास मिळाव्या हा हेतु. दिवसाकाठीं अर्धें पान होतें, कधीं तेंही नाहीं. पण तें अर्धें पान झालें म्हणजे दुपारचा चहा त्यांना गोड लागतो, हें घरांत सर्वांना ठाऊक आहे.

पुतण्या गेल्यानंतर दोन दिवसांनीं वहिनी लॅपटॉप उघडाच घेऊन माझ्या खोलींत आल्या. ‘‘भावोजी, हें वाचा,’’ एवढेंच म्हणाल्या. मीं वाचलें :

‘तोरल्या गराच्या मागें पमसाचें जाड होतें.’

पुढें ‘शाळेंत’ च्या जागीं ‘सालेंत’, ‘वर्ष’ च्या जागीं ‘वर्’ आणि लगेच स्वल्पविराम, आणि ‘आजी’ च्या जागीं ठिपक्यांचें एक वर्तुळ, त्याला लटकलेला काना आणि मग ‘जी’. सारें पान असेंच. दादांनीं दोन दिवस तें खोडून पुनः पुनः लिहून पाहिलें होतें आणि शेवटीं लॅपटॉप मिटून ‘‘संपलं आतां’’ असें वहिनींना सांगून ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. आपल्या हातून काय उमटतें आहे हें त्यांना दिसत होतें. तें आपल्याच डोक्यांतून येत आहे, पूर्वींचें दुखणें उलटलें आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. आणि खरें सांगावयाचें तर वहिनींची व माझीही तीच झाली.

प्रथम डॉक्टरांना बोलाविलें. ज्या घरांत असलें दुखणें एकदां येऊन गेलें आहे तेथें बोलण्या-लिहिण्यांत एकाएकीं फरक दिसला तर यंत्राची चौकशी मागाहून आणि डॉक्टर आधीं, हा क्रम कोणीं उलटा करूं नये. डॉक्टरांनीं दादांना हंसावयास लाविलें, हात उचलावयास लाविले, एक लांब वाक्य म्हणवून घेतलें, आणि कागद-पेन्सिल देऊन डाव्या हातानें दोन ओळी लिहविल्या. अक्षर वांकडें होतें, पण फणस फणसच होता आणि आजीला आ होता. ‘‘नवीन कांहीं दिसत नाहीं, लक्ष ठेवा, शंका वाटली तर केव्हांही बोलवा,’’ असें सांगून ते गेले.

कागदावर लिहिलें म्हणजे शुद्ध, यंत्रावर लिहिलें म्हणजे अशुद्ध. मनुष्य तोच, हात तोच. न्यायशास्त्रांत कारण शोधण्याची जी अन्वय-व्यतिरेकाची रीत आहे, म्हणजे एक गोष्ट असतां दुसरी असते व ती नसतां नसते हें पारखण्याची रीत, तिच्यासाठीं ह्यापेक्षां स्वच्छ उदाहरण मला माझ्या नोकरींत कधीं मिळालें नव्हतें. दोष लेखकांत नाहीं, लेखणींत आहे. पण लेखणीच्या कोणत्या भागांत?

मी त्या पानाकडे आतां शाळामास्तराच्या नजरेनें पाहूं लागलों. ‘घ’ चा ग, ‘थ’ चा त, ‘झ’ चा ज, ‘फ’ चा प : वर्गांतील महाप्राण तेवढे गळाले होते व अल्पप्राण उरले होते. एवढ्यावरच थांबलों असतों तर पुनः दुखण्याचीच शंका बळावली असती, कारण उच्चार क्षीण झालेल्या मनुष्याचेही महाप्राण आधीं ढिले होतात. परंतु ‘ण’ चा म झाला होता. मूर्धन्य णकार चुकला तर तो दन्त्य नकारावर घसरतो. लहान मुलें घसरतात, आपण सारे बोलतांना घसरतों. ओंठांनीं उच्चारावयाच्या मकारावर तो जाण्यास जिभेजवळ कांहींच निमित्त नाहीं. मात्र कळफलकाजवळ आहे. दादा वापरतात त्या इन्स्क्रिप्ट मांडणींत म आणि ण हे एकाच कळीवर बसतात. नुसती कळ दाबली तर म, शिफ्टसह दाबली तर ण. स आणि श ह्यांची कळ एक. ल आणि ळ ह्यांची एक. स्वल्पविराम आणि ष ह्यांची एक. काना आणि ‘आ’ हा पूर्ण स्वर ह्यांची एक. क-ख, ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ ह्या जोड्याही अशाच खालीं-वर.

ही मांडणी ज्यांनीं केली त्यांनीं वर्णमाला समोर ठेवूनच केली. डाव्या हाताकडे स्वर व मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजनें, आणि महाप्राण आपापल्या अल्पप्राणाच्या माथ्यावर. १९९१ सालच्या आय. एस. १३१९४ ह्या भारतीय मानकांत तिला स्थान मिळालें आणि आज विंडोजमध्यें ती जन्मतःच असते. ज्याला वर्णमालेचे वर्ग येतात त्याला ती चार दिवसांत हाताला बसते. दादांनीं सत्तरीनंतर ती घेतली ती ह्याचमुळें.

तेव्हां दादांच्या पानावरील सगळ्या चुका मिळून चूक एकच होती : शिफ्ट लागत नव्हतें.

पुतण्याला फोन लाविला. तो म्हणाला, ‘‘काका, अकरा नंबरमध्यें मराठी कीबोर्डचा कांहींतरी घोळ असणार. दहा दिवसांच्या आंत जुनी आवृत्ति परत आणतां येते. मी इथूनच करून देतों.’’ मीं त्याला थांबविलें. कारण कळल्यावांचून मागें फिरणें म्हणजे कावळ्याला हांकलून दुसरें फळ पडणार नाहीं अशी खात्री बाळगणें.

मीं कळफलक पुढें ओढला आणि एका हातानें शिफ्ट धरून दुसऱ्या हातानें क ची कळ दाबली. स्वच्छ ‘ख’ उमटला. म्हणजे शिफ्टची कळ धड, क ची कळ धड, मराठी मांडणी धड. मग दादा करतात तसें केलें. त्यांना एकच हात. ते शिफ्ट दाबून सोडतात आणि मग अक्षराची कळ दाबतात. तसें केल्यावर ‘क’ आला. चार वर्षें ह्याच रीतीनें ‘ख’ येत होता. आतां येत नव्हता. तितक्यांत आंतून दादांचा आवाज आला, ‘‘टुक् म्हणत नाहीं तें.’’ हें वाक्य ते दोन दिवस सांगत होते. वहिनींना वाटलें, हेंही त्या बिघडलेल्या बोलण्यापैकींच एक.

दादांच्या यंत्रावर ‘स्टिकी कीज’ नांवाची सोय चालूं केलेली होती. शिफ्ट, कंट्रोल, आल्ट ह्या कळा एरव्हीं दुसऱ्या कळीच्या जोडीनें धरून ठेवाव्या लागतात. ही सोय असली म्हणजे त्या एकदां दाबून सोडल्या तरी पुढच्या कळीपर्यंत लागलेल्याच समजल्या जातात. दोनदां दाबल्या तर पुनः दाबीपर्यंत अडकून राहतात. आणि प्रत्येक वेळीं यंत्र बारीक आवाज करतें. दादांचें टुक् तें हेंच. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्रांत अपंगांसाठीं अशा सोयींवर पुष्कळ काम झालें आणि १९९५ सालच्या विंडोजपासून त्या प्रत्येक यंत्रांत फुकट मिळूं लागल्या. कंट्रोल-आल्ट-डिलीट ही प्रसिद्ध तिहेरी कळ आय. बी. एम. कंपनीच्या डेव्हिड ब्रॅडली ह्या अभियंत्यानें चुकून एका हातानें दाबली जाऊं नये अशाच बेतानें निवडली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे एक हात गेलेल्या मनुष्याला ह्या सोयीवांचून यंत्र किती परकें होतें, याची कल्पना येईल.

मग ती बंद कोणीं केली? अपग्रेडनें नव्हे. ह्या सोयींत एक पोटकलम असतें : दोन कळा एकाच वेळीं दाबल्या गेल्या तर स्टिकी कीज बंद व्हावें. हें कलम मुळांतच चालूं असतें, आणि त्याचा हेतु समजण्यासारखा आहे. ज्याला दोन कळा एकत्र दाबतां येतात त्याला ह्या सोयीची गरज नसावी, असें यंत्र गृहीत धरतें. दादांच्या लॅपटॉपला दोन हातांचा मनुष्य चार वर्षांत शिवलाच नव्हता. मीं पुतण्याला पुनः विचारलें, ‘‘अरे, काम झाल्यावर तूं मराठींत कांहीं टाइप करून पाहिलेंस का?’’ तो म्हणाला, ‘‘हो काका, चालतंय का तें बघायला ‘शुभ दीपावली’ लिहिलं आणि पुसून टाकलं.’’

शुभ मधला श. शिफ्ट आणि स ची कळ, दोन हातांनीं, एकदम. नंतर त्यानें झांकण मिटलें, आणि दादांनींही दोन दिवस यंत्र बंद न करतां केवळ मिटलें-उघडलें. शुभेच्छेच्या पहिल्याच अक्षरानें दादांची शिफ्ट काढून घेतली होती आणि तें कोणाच्याही ध्यानींमनीं नव्हतें.

उपाय अर्ध्या मिनिटाचा निघाला. शिफ्ट लागोपाठ पांच वेळां दाबली कीं स्टिकी कीज चालूं करावयाचें का, असा प्रश्न पडद्यावर येतो, होय म्हटलें. त्यानंतर सेटिंग्ज, त्यांत ॲक्सेसिबिलिटी, त्यांत कीबोर्ड, त्यांत स्टिकी कीज असें उतरून तें दोन कळांचें पोटकलम काढून टाकलें. मग लॅपटॉप दादांच्या पुढ्यांत ठेवला. त्यांनीं शिफ्ट दाबली. टुक्. ग ची कळ दाबली, ‘घ’ उमटला. ते बराच वेळ त्या एका अक्षराकडे पाहत बसले. वहिनी उठून आंत गेल्या.

माऊसची गोष्ट ह्याच रात्रीची, पण ती थोडक्यांत सांगतों. दादा माऊस डावीकडे ठेवतात आणि त्याचीं बटणें अदलाबदल करून घेतलेलीं आहेत. पुतण्याला वाटलें, हाही अपग्रेडचाच गोंधळ. त्यानें सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माऊस येथें जाऊन मुख्य बटण पुनः डावें करून ठेवलें. दुसऱ्याच्या यंत्रावर जें उलटें दिसतें तें मोडलेलेंच असतें असें नाहीं; कित्येकदां तें कोणीतरी आपल्या शरीराला जुळवून घेतलेलें असतें. अपग्रेडचें काम ज्यांच्याकडे असेल त्यांनीं हात घालण्यापूर्वीं ॲक्सेसिबिलिटी आणि माऊस ह्या दोन पानांवर काय काय चालूं आहे तें कागदावर उतरून घ्यावें. आमच्या घरीं तो कागद आतां दादांच्या टेबलाच्या खणांत आहे.

ह्याचा अर्थ अपग्रेडनें कांहींच बदलत नाहीं असा मात्र नव्हे. कावळ्यानें कधींकधीं खरोखरच फळ पाडलेलें असतें. विंडोज १० मध्यें विंडोजची कळ आणि ए दाबली असतां सूचनांचा कप्पा उघडे. अकराव्या आवृत्तींत तीच जोडी वाय-फाय, आवाज वगैरेंची पेटी उघडते आणि सूचनांसाठीं विंडोज व एन ही जोडी दिली आहे. उजव्या बटणानें उघडणारी यादी आखूड केली आहे. जुनी लांब यादी पाहिजे असल्यास तींतील ‘शो मोअर ऑप्शन्स’ ही ओळ दाबावी किंवा शिफ्ट व एफ १० दाबावें. स्टार्टचें बटण डाव्या कोपऱ्यांतून मध्यें आलें आहे. तें पर्सनलायझेशन, टास्कबार येथून डावीकडे परत नेतां येतें, आणि ज्यांचा हात वीस वर्षें त्या कोपऱ्यांत जात आला त्यांनीं तें खुशाल न्यावें, त्यांत मागासलेपण कांहीं नाहीं. मराठी-इंग्रजी बदलण्यास डावें आल्ट व शिफ्ट चालेनासें झालें असेल तर आधीं विंडोज व स्पेस दाबून पाहावें. त्यानें भाषा बदलली तर बिघाड नसून फक्त जोडी ठरवावयाची राहिली आहे, आणि ती टायपिंगच्या पानावरील ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्यें ठरवितां येते.

कळ कोठें अडली आहे हें पाहण्यास एक सोपें साधन आहे. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबलें कीं पडद्यावर कळफलकाचें चित्र येतें. मराठी निवडलेली असेल तर त्यावर मराठी अक्षरें दिसतात, आणि चित्रांतली शिफ्ट दाबली कीं सारे महाप्राण वर येतात. त्या चित्रावर माऊसनें दाबून अक्षर आलें आणि हातानें दाबून आलें नाहीं, तर दोष खऱ्या कळफलकांत किंवा त्याच्या वायरींत. दोहोंनींही आलें नाहीं, तर दोष पुढें आहे. पुढें म्हणजे कोठें, हें पाहावयास तीच जोडी नोटपॅडमध्यें दाबून पाहावी. तेथें चालली आणि एकाच प्रोग्राममध्यें चालली नाहीं, तर त्या प्रोग्रामची स्वतःची यादी तपासावी. ऑपरेटिंग सिस्टीमला बोल लावूं नये. माऊसच्या कडेच्या जादा बटणांचेंही असेंच आहे. बाण हलतो, दोन मुख्य बटणें चालतात आणि कडेचीं तेवढीं चालत नाहींत, तर बहुधा त्या माऊसच्या कंपनीचा प्रोग्राम नव्या आवृत्तींत पुनः घालावयाचा राहिला आहे. माऊस फेकूं नये.

आणखी एक प्रकार संस्कृतज्ञांना रुचेल. दोन प्रोग्राम एकाच जोडीवर हक्क सांगूं लागले तर काय होतें? पाणिनीच्या व्याकरणांत दोन तुल्यबळ नियमांची टक्कर झाली म्हणजे जो सूत्रपाठांत नंतर आला त्याचें चालतें. विंडोजमध्यें सर्व यंत्रभर लागू होणारी जोडी नोंदविण्याची जी रीत आहे तींत उलट आहे : ज्यानें आधीं नोंद केली त्याची जोडी, मागाहून आलेल्याला नकार. अपग्रेडनंतर यंत्र सुरू होतांना प्रोग्राम जागे होण्याचा क्रम बदलला, तर कालपर्यंत शब्दकोश उघडणारी जोडी आज दुसरेंच कांहीं उघडूं शकते. तेव्हां यंत्र सुरू होतांना आपोआप जागे होणारे प्रोग्राम एकेक बंद करून पाहावे. ज्याला निजविल्यावर जुनी जोडी परत आली, तोच बळकावणारा. सूनबाईंच्या यंत्रावर हा शोध परवां ह्याच रीतीनें लागला आणि त्यांत माझा पाऊण तास गेला.

दादांनीं त्या संध्याकाळीं फणसाच्या झाडाची हकीकत पुरी केली. बिघडलेलें पान मीं दुरुस्त करून देतों म्हणालों, तर त्यांनीं तें जसेंच्या तसें वेगळें ठेवावयास सांगितलें. रात्रीं त्यांनीं पुतण्याला चार ओळींची मेल पाठविली. वहिनींनीं ती मला मागाहून दाखविली. यंत्र आतां बरें चालतें, तुझें काम चांगलें आहे, तिकडे थंडींत कानाला मफलर बांधीत जा, एवढें सारें महाप्राणांसह शुद्ध लिहून शेवटीं लिहिलें होतें : ‘वैशाखांत पमस पिकतील, तेव्हां ये.’